जाऊबाईंची नाडी

धाकटीच्या मनगटावरचा पट्टा काही केल्या निघेना. मोठीने आधी नखाने बक्कल उचकटून पाहिलं, मग चमच्याचं टोक घातलं. बक्कलात माती जाऊन बसली होती.

“हळू जरा. हात माझा आहे,” धाकटी म्हणाली.

“आणि पट्टा माझा आहे. रोज धुवायचा म्हणून सांगितलं होतं ना?”

“तुमचा आहे ना? मग तुम्हीच धुवा, जाऊबाई.”

खाली जिन्यात पावलं वाजली. त्या घाईतच बक्कल सुटलं. मोठीने पट्टा ओल्या फडक्याने खसाखसा पुसला, आपल्या मनगटावर चढवला आणि खुर्चीत ताठ बसली. धाकटीने डबा उचलला, पायांत चपला सरकवल्या आणि ती बाहेर पडली. दारातच तिची आणि वर येणाऱ्या संशोधक मुलीची गाठ पडली.

“कामावर निघालात, आजी?”

“निघायला हवंच. आम्हाला कोण बसल्या जागी मान देणार?” धाकटी आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली आणि कठड्याला धरून उतरू लागली.

या दोघी जावा. दोन भावांनी मिळून घेतलेल्या तीन खोल्यांत त्या सुना म्हणून आल्या आणि दोन्ही भाऊ गेल्यावरही तिथेच राहिल्या, कारण सोडून जायचं कोणी हा प्रश्न सुटला नाही. मोठी ऐंशीला टेकलेली, शाळेत कवायतीची बाई होती. धाकटी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. अजूनही रोज रोपवाटिकेत जाऊन कुंड्या भरायची. स्वयंपाकघरात मिठाच्या बरण्या दोन, चहाची भांडी दोन, आणि फडताळाच्या मधोमध एक फळी अशी होती की जिच्यावर दोघींपैकी कोणीच काही ठेवत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मोठीने पाहुण्यांदेखत धाकटीच्या पाठीत बोट खुपसून “ताठ उभी राहा” म्हटलं होतं. त्यानंतर धाकटी जी वाकून चालायला लागली ती मुद्दाम, असं मोठीचं ठाम मत होतं.

म्हातारपणी माणूस धडधाकट कशाने राहतो हे शोधणारी एक संस्था तीन वर्षांपूर्वी या भागात आली आणि मोठीचं नशीब फळफळलं. पहाटे उठणं, गार पाण्याने तोंड धुणं, उजेड असतानाच जेवणं, घास बारीक चावणं, साखरेला हात न लावणं, मेंदू गंजू नये म्हणून डाव्या हाताने दात घासणं, हे सगळं ती आयुष्यभर करत आली होती आणि आयुष्यभर लोकांनी त्यावरून तिची टिंगल केली होती. आता तेच सगळं एक शिकलेली मुलगी मान डोलावत टिपून घेत होती. संस्थेने चालणं, झोप आणि हृदयाचे ठोके मोजणारा एक पट्टा तिच्या हाताला बांधला. पहिली दोन वर्षं आकड्यांत मोठीच्या आसपासही कोणी पोचलं नाही. पन्नाशीच्या लोकांना शिकवावं असं तिचं चालणं होतं. संस्थेच्या कामाला येणारे म्हातारे तिला बघून बाकावर सरळ बसायचे.

तिसऱ्या वर्षी गुडघ्याने दगा दिला. दूध आणायला जाऊन येईपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. हे कोणाला कळता कामा नव्हतं. तिने चार दिवस विचार केला आणि मग धाकटीशी सौदा केला. पट्टा रात्रंदिवस धाकटीने घालायचा, महिन्यातून एकदा मुलगी यायच्या आधी काढून द्यायचा, आणि त्या बदल्यात खिडकीजवळची खाट धाकटीची. या खाटेवरून दोघींत पंधरा वर्षं धुसफूस चालू होती. धाकटीने क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. उलट अंथरूण पसरताना ती गुणगुणत होती, आणि ते मोठीच्या जास्त जिव्हारी लागलं.

“आजी, आज दोन बातम्या आहेत,” मुलगी समोर बसत म्हणाली. तिने मांडीवरचा टॅबलेट उघडला. “चांगली आधी सांगते. रविवारच्या मेळाव्यात तुम्ही बोलायचं. मोठ्या सभागृहात. बाहेर तुमचा फोटोही लावणार आहोत. तुमच्या वयाचं या वर्षी इतकं चाललेलं, इतक्या वेळा वाकून उठलेलं दुसरं कोणी नाही. मी माझ्या अहवालात पहिलं उदाहरण तुमचंच घेतलंय.”

मोठीने मान किंचित वाकवली. मान कसा घ्यावा हेही तिला येत होतं.

“आणि दुसरी?”

मुलीने खुर्ची पुढे ओढली. “घाबरू नका हं. तुमच्या हृदयाची लय बिघडतेय. गेल्या महिनाभरात फारच. झोपेत ठोके मध्येच धावतात, मध्येच अडखळतात. आमच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि लगेच बोलवा म्हणाले. असं चालू राहिलं तर रक्ताची गाठ होते आणि ती मेंदूत गेली तर माणूस जागेवर लुळं पडतं. पण वेळेत कळलंय, उपाय आहे. गुरुवारी सकाळी संस्थेच्या दवाखान्यात या. याल ना?”

मोठीचा पहिला विचार असा होता की सुटले, माझं नाही. मग तिच्या लक्षात आलं की कोणाचं आहे. आणि त्याच्याही मागोमाग, तिला नको असताना, खिडकीजवळची खाट डोळ्यांपुढे आली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

“येईन,” ती म्हणाली.

मुलगी गेल्यावर तिला जिना आठवला. धाकटी हल्ली जिन्याच्या मधल्या वळणावर थांबायची. बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत उभी राहायची. मोठीने ते महिनाभर दाराच्या फटीतून पाहिलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं. आपला गुडघा गेला तर हिचाही दम गेला, फिटंफाट झाली, असं तिच्या मनात आलं होतं.

बोलावं तर रविवार गेला. नुसता रविवार नाही, मागची दोन वर्षंही गेली, कारण एकदा खोटं सापडल्यावर आधीचं खरं कोण मानणार? न बोलावं तर गुरुवारी तिच्या छातीला तारा लावतील, सगळं ठाकठीक निघेल, यंत्राची चूक म्हणून सोडून देतील, आणि धाकटी रोपवाटिकेत कुंड्या उचलत राहील.

संध्याकाळी धाकटी आली, हातपाय धुऊन आपल्या भांड्यात चहा ठेवू लागली. त्यात तिने तीन चमचे साखर घातली. एरवी मोठीने यावर काहीतरी टोमणा मारलाच असता.

“तू हल्ली जिन्यात थांबतेस,” ती म्हणाली.

“जिना तुमच्या नावावर आहे का?”

“एकदा डॉक्टरला दाखवून ये.”

धाकटीने गॅस बारीक केला आणि वळून तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या तोंडातून असं वाक्य तिने ऐकलं नव्हतं, आणि ऐकलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

“काय हवंय तुम्हाला?”

“मला काय हवं असणार?”

“तेच विचारतेय. मी आजारी ठरले की माझ्या मुलीला फोन करायचा, आईचं आता होत नाही, घेऊन जा म्हणायचं. मग तिन्ही खोल्यांत तुम्ही एकट्या कवायत करायला मोकळ्या.”

“मूर्खासारखं बोलू नकोस. ती संस्थेची मुलगी आज सांगून गेली. पट्ट्यात दिसतंय. ठोके चुकतायत. पट्टा तुझ्या हातात होता, म्हणजे ठोके तुझे. झोपेत जास्त होतं म्हणाली. माणूस लुळं पडतं म्हणाली.”

यावर धाकटी हसली. मनापासून, खांदे हलवून हसली.

“काय डोकं चालतं हो तुमचं. खाट परत हवी तर सरळ मागा की. मी देणार नाही ही गोष्ट वेगळी. पण त्यासाठी मला मारायला कशाला निघालात?”

“मी खरं सांगतेय.”

“तुम्ही?” धाकटी म्हणाली. “पट्टा माझ्या हातात घालून वर्षभर मिरवलात, आणि खरं सांगताय?”

तिने चहा गाळला. गाळताना तिचा डावा हात ओट्याच्या कडेला गेला आणि तिथे घट्ट धरून राहिला. ओठ जरा निळसर दिसत होते, किंवा खिडकीतल्या उजेडाने तसं वाटलं असेल. मग तिने कप उचलला आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मोठीला भयंकर राग आला. एवढं सरळ बोलल्यावरही ही बाई ऐकत नाही म्हणून राग, आणि ऐकत नाही त्यात तिची चूक नाही म्हणून अधिकच. इतक्या वर्षांत या घरात एकमेकींना सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला मागून एक टोक असायचं. आज नव्हतं, पण ते ओळखायचं कसं, हे तिने धाकटीला कधी शिकवलं नव्हतं. मरू दे मेली, असं ती पुटपुटली आणि तो शब्द तोंडातून जाताच तिला उठून दाराशी जावंसं वाटलं. ती गेली नाही. गेली असती तर धाकटीने कडी घातली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी डबा भरत असताना मोठी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“उद्या मला संस्थेत बोलावलंय,” ती म्हणाली. “त्यांना कळलंय.”

“काय कळलंय?”

“पट्ट्याचं. माझ्या हातात नव्हता ते. ठोक्यांवरून ओळखलं म्हणे. डॉक्टर, ती मुलगी, बाकीचे लोक, सगळ्यांसमोर विचारणार आहेत. रविवारचं भाषण गेलंच म्हणायचं.”

धाकटीने डब्याचं झाकण लावायचं थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर जे काही उमललं ते लपवायची तिने तसदी घेतली नाही.

“अरेरे,” ती म्हणाली.

“तुला सांगते एवढ्यासाठी, की उद्या तू मध्ये पडू नकोस. कामावर जा मुकाट्याने. माझं मी निस्तरेन.”

“वा, असं कसं? पट्टा माझ्या हातात होता ना? साक्षीला कोणीतरी हवंच की.”

“मला तू नकोयस तिथे.”

“म्हणूनच येते,” धाकटी म्हणाली आणि रोपवाटिकेत उद्याची सुट्टी सांगायला फोन उचलला.

मोठी वळून न्हाणीघरात गेली. नळ सोडला. डाव्या हाताने दात घासता घासता तिने आरशात पाहिलं. एखाद्या लबाड बाईचा असावा तसा चेहरा होता, पण त्या क्षणी तरी तिला तो फारसा नावडला नाही.

गुरुवारी धाकटी नटूनथटून निघाली. लग्नाला जातात तशी केसांना तेल लावून, ठेवणीतली पर्स घेऊन. बसमध्ये ती मोठीच्या शेजारी बसली नाही, दोन बाकं मागे बसली. थांब्यापासून दवाखान्यापर्यंतच्या चढावर मोठी लंगडत होती आणि आज ते लपवत नव्हती. धाकटी मागून येत होती, मध्येच थांबत, मध्येच चालत. मोठीला मागे वळून बघायची इच्छा होत होती. बघितलं तर ही परत जाईल या भीतीने ती पुढे बघून चालत राहिली.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांवर संस्थेचे चार-पाच म्हातारे नंबर लावून बसले होते. मोठीला पाहताच ते सरळ झाले. एक काठीवाले आजोबा तर उठून उभे राहिले. तिचं ऐकून त्यांनी डाव्या हाताने दात घासायला सुरुवात केली होती आणि भेटेल त्याला ते सांगत असत.

“रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहोत आम्ही,” ते म्हणाले.

आतून मुलगी हसत बाहेर आली. “या आजी. अरे वा, सोबत आणलीत ते बरं केलंत. इकडे झोपा, पाच मिनिटांचं काम आहे.”

धाकटी भिंतीजवळच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली. नाटकाला वेळेवर पोचलेल्या माणसाचा सगळा सुखीपणा तिच्या बसण्यात होता. पण पडदा काही वर जाईना. मुलगी चादर सारखी करत होती, तंत्रज्ञ तारा सोडवत होता, डॉक्टर पलीकडच्या टेबलाशी काहीतरी वाचत होते. कोणीही रागावलेलं दिसत नव्हतं.

“विचारा की मग,” धाकटी शेवटी म्हणाली.

“काय विचारू, आजी?”

मोठी खाटेजवळ उभीच होती. दार सताड उघडं होतं. तिने हातातला पट्टा काढला आणि चादरीवर ठेवला. मग शाळेच्या मैदानावर ज्या आवाजात ती शेवटच्या रांगेशी बोलायची त्या आवाजात बोलली.

“हा पट्टा वर्षभर माझ्या हातात नव्हता. माझा गुडघा गेलाय. मला दुधापर्यंत चालवत नाही. पट्टा दिवसरात्र हिच्या हातात होता. चालली ती हीच, वाकली ती हीच, आणि ठोके चुकतायत तेही हिचेच. तारा हिला लावा.”

मुलगी हसली. मग हसायची थांबली. तिने टॅबलेटकडे पाहिलं, मोठीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

“आजी, ही थट्टा आहे का?”

“मी थट्टा करत नाही.”

“माझा अर्धा अहवाल तुमच्यावर उभा आहे. दर महिन्याला मी तुमच्यासमोर बसत होते. तुम्ही मला चहा देत होतात. आणि तोंडावर हसून फसवत होतात?”

“हो.”

“सगळं काढून टाकावं लागेल. तुमचं नाव, तिन्ही वर्षं, सगळं. मेळाव्याचं तर विसराच.”

“काढ,” मोठी म्हणाली. आधीची दोन वर्षं खरी होती, अगदी पावलापावलाने खरी होती, हे तिच्या घशाशी आलं होतं. तिने ते गिळलं. बाहेर काठीवाले आजोबा अजून उभेच होते. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि मग ते आपल्या काठीच्या टोकाकडे बघत खाली बसले.

धाकटी हसली नव्हती. ती मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“यांना ठाऊकच नव्हतं,” ती सावकाश म्हणाली. “कोणी पकडलंच नव्हतं तुम्हाला.”

“झोप त्या खाटेवर.”

“तुम्ही खोटं बोलून मला इथे आणलंत.”

“खरं सांगितलं तेव्हा हसलीस. झोप म्हणते ना.”

धाकटीने मांडीवरची पर्स पोटाशी धरली. ती उठली. उठताना तिने खुर्चीचा हात धरला आणि तो लवकर सोडला नाही. तंत्रज्ञाने तिला आडवं केलं, तारा लावल्या. यंत्रातून कागद सरकू लागला. हातभर कागद निघाल्यावर त्याने तो तसाच फाडला आणि डॉक्टरांच्या टेबलाशी नेला. डॉक्टर उठून आले. त्यांनी धाकटीचं मनगट हातात धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही, मग रक्तदाब मोजला.

“दम किती दिवस लागतोय?”

“लागत नाही,” धाकटी म्हणाली.

“महिनाभर,” मोठी म्हणाली. “जिन्यात थांबते. परवा ओट्याला धरून उभी होती.”

“पाळत ठेवता माझ्यावर?”

“हो.”

डॉक्टरांनी दोघींचं बोलणं तोडलं. आता घरी जायचं नाही, ते म्हणाले. ठोके फार धावतायत, दाबही उतरलाय. आत नेऊन थोडा वेळ झोपेचं औषध द्यायचं आणि विजेच्या झटक्याने लय जागेवर आणायची. लगेच. मुलगी, जी अजून मोठीकडे बघायलाही तयार नव्हती, ती चाकांची खाट आणायला धावली.

धाकटी छताकडे बघत होती. एवढा वेळ पर्स तिने पोटाशी धरून ठेवली होती. ती आता तिच्या हातातून सुटली आणि जमिनीवर पडली. मोठीने गुडघा सावरत, एका बाजूला झुकत ती उचलली.

परिचारिका आली. “आजी, चष्मा काढा. अंगठी असेल तर काढा. आणि कवळी आहे का? तीही काढून द्या. औषधाने झोप लागल्यावर घशात जाते. सगळं या तुमच्या नातेवाइकांकडे राहील.”

धाकटीने चष्मा दिला. अंगठीही दिली. मग ओठ घट्ट मिटून पडून राहिली.

“कवळी, आजी.”

“आधी यांना बाहेर काढा.”

“अहो, मग ती देणार कोणाकडे?”

एका घरात राहून, एका खोलीत झोपून, धाकटीने आपलं तोंड दातांशिवाय मोठीला कधी दिसू दिलं नव्हतं. दिवा मालवल्यावर ती कवळी काढायची आणि उजाडायच्या आत बसवायची. मोठीला हे ठाऊक होतं, आणि त्यावरून तिने चारचौघांत दोनदा बोलूनही घेतलं होतं.

बाहेर चाकं खडखडत जवळ आली.

“तिकडे तोंड करा,” धाकटी म्हणाली.

मोठीने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर निरोगी म्हातारपणाची चित्रं लावली होती. त्यातलं एक जोडपं हातात हात घालून चालत होतं. पाठमोरी उभी राहूनच तिने एक हात मागे केला आणि तळवा उघडला.

“बघायचं नाही,” मागून आवाज आला. तो आवाज निराळाच होता, पोकळ, शब्द कडांना झिजलेले.

“नाही बघत.”

तळव्यावर काहीतरी ओलं आणि कोमट ठेवलं गेलं. मोठीने मूठ मिटली. खाट हलली, दारातून वळली, तिची चाकं दूर दूर जात ऐकू येईनाशी झाली. परिचारिका म्हणाली, आता वळा आजी, गेल्या त्या. मोठी वळली नाही. पाठ ताठ ठेवून, मूठ मिटून, ती भिंतीकडे बघत उभी राहिली.